उजव्या बाजूला गाणारा

“टेप फिरायला लागली रे, आता कुणी बोलू नका.”

हा यशाचा आवाज. यशवंत गुजर. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी तो एवढंच म्हणायचा, म्हणून प्रत्येक टेपच्या तोंडाशी तो आहेच. दुपारचं जेवण झालंय. मी कॉटवर आडवा, कानांवर हेडफोन. यशाचं बोलणं संपतं आणि नुसती खरखर राहते, दूर कुठंतरी कुणी तांदूळ पाखडत बसल्यासारखी. त्या खरखरीत डोळे मिटत जातात.

आमच्या बँडचं नाव आवर्त. कोल्हापूर, सन चौऱ्याहत्तर. गिटार, ऑर्गन, ड्रम, बासरी. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या, त्यांना सात मात्रांत बसवायचं आणि मग अर्धा तास सोडायचं नाही. लोक विचारत, हे भजन आहे की दंगल? मी गायचो. स्टुडिओत आम्ही कधी गेलोच नाही. आहेत त्या यशानं कार्यक्रमांत केलेल्या टेपा. पुण्याची एक कंपनी आता त्यांचा संच काढतेय. टेपा साफ करणारी तेजल सकाळी फोनवर म्हणाली, “काका, वाद्यं झकास आलीत. तुमचा आवाज मात्र फार लांब आहे, आणि ओढून वर काढला की चिरकतो. नुसते वाद्यांचे तुकडे घेऊया का? संध्याकाळपर्यंत सांगा.”

घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या गळ्यातून निघते ती निम्मी हवा. म्हणजे त्या टेपांत मी नसलो, तर कुठंच नाही.

कॉलेजचा हॉल आहे. खुर्च्यांवर माणसं नाहीत, सांडगे वाळत घातलेत. मधल्या टेबलावर स्पूलचं मशीन आणि मशीनमागं यशा. मोठ्या कॉलरचा शर्ट, जाड कल्ले. गेल्या श्रावणात तो वारला. हे त्यालाही ठाऊक आहे, मलाही. त्यात अवघड असं काही वाटत नाही.

“म्हातारा झालास की दिग्या,” तो म्हणतो.

“आणि तू?”

“मीपण झालो होतो. आवडलं नाही, आलो परत.”

माझा आवाज पूर्वीसारखा भरीव निघतोय. त्याचंही नवल वाटत नाही. मी त्याच्या उजव्या अंगाला जाऊन विचारतो, “हे सांडगे कुणाचे?” तो मशीन पुसत राहतो. पुन्हा विचारतो. पुन्हा तेच. मी वळसा घालून पलीकडं जातो, तेव्हा तो मान वर करतो.

“तुझ्या आत्याचे. हात लावू नको, मोजून ठेवलेत म्हातारीनं.”

हॉलच्या पायऱ्या उतरतो तर खाली पंचगंगेचा घाट. धुणं चाललंय. बायका तपकिरी टेपेचे लांबच लांब पट्टे पाण्यात बुडवताहेत, पिळताहेत, दगडावर आपटताहेत. प्रत्येक आपटण्यात आमच्या बाबू शिकलगारचा ड्रम वाजतो. एक बाई सुरू करते, बाकीच्या उचलतात. आमच्या सगळ्यात लांब गाण्याची सुरुवात हीच होती.

*गळ्याचा माझा दोर, सोडिते नदीच्या पान्यात*
*पैलाड माझा बंधू, त्याला येईना ध्यानात*

यशा पायरीवर बसून ऐकतोय. मान जरा तिरकी.

“टेप ऐकून मी तुला म्हणालो होतो, जळतोस माझ्यावर,” मी म्हणतो. “म्हणून माझा आवाज मागं ढकललास.”

“म्हणालास. सगळ्यांसमोर.”

“तू आपला वायरी गुंडाळत बसलास.”

“कुणीतरी गुंडाळायला हव्या होत्या की. तुम्ही कलाकार माणसं.”

“त्यानंतर बोललोच नाही आपण.”

“तूही आला नाहीस, मीही आलो नाही. जाऊ दे.”

“संध्याकाळी मला उत्तर द्यायचंय, यशा. गाणी ठेवायची की काढायची.”

 पायरी आता माझ्या कॉटची कड झालीय. खिडकीचा पडदा तोच, त्यामागं नदी.

“तू बाबूशेजारी उभा राहायचास,” तो म्हणतो. “उजवीकडं. त्याच्या ड्रमनं मशीनवरचा त्या बाजूचा काटा नुसत्या उड्या मारायचा. मला वाटायचं, तिकडं रग्गड झालंय. म्हणून मी त्या बाजूचा आवाज खाली घ्यायचो.”

“काटा राहू दे. कानात हेडफोन होता ना? मी येत नाहीये, हे ऐकू आलं नाही?”

बायकांचं आपटणं थांबतं.

“उजवा कान गेलेला माझा. सातवीत खणीच्या पाण्यात सूर मारला, तेव्हाच. आणि हेडफोनात तू त्याच कानात यायचास.”

“सांगायचंस की लेका.”

“सांगितलं असतं, तर मशीनवर बसू दिलं असतंत? मला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. तुमच्यात बसायला तेवढी एक जागा होती.” तो स्वतःच्या कानाची पाळी चोळतो. “आई रोज लसणीचं तेल घालायची. कशाचं काय.”

“मग मी गातोय हे तुला कळायचं तरी कसं?”

“गळ्याच्या शिरा दिसायच्या की. त्या फुगल्या की समजायचं, दिग्या गातोय. मी त्याच बघत बसायचो.”

फोन वाजतो. खोलीत ऊन कलतं झालंय. हेडफोन उशाला घसरलाय आणि त्यातून कुणी टाळ्या वाजवतंय. माझा उजवा कान ओला लागतो. उशीच्या अभ्र्यावर त्याच कानाखाली तेलाचा डाग पडलाय, अजून कोमट. जळक्या लसणीचा वास येतो. घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

“काय ठरलं काका?” तेजल विचारते.

“गाणी ठेव,” मी म्हणतो. निम्मी हवाच निघते. “वर ओढू नको.”

“पण आवाज लांबून येतो हो.”

“लांबूनच येऊ दे. यशवंत गुजरनं केलंय ते. त्याला त्या बाजूनं ऐकू येत नव्हतं, तो बघून करायचा.”