सहीची जागा नसलेला कागद

अक्काला मी शेवटचं पाहिलं ते जालन्याच्या बसस्टँडवर. शनिवारची दुपार होती. टेंभुर्णीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाल्यामुळे ती खुशीत होती. गाडी हलायच्या बेतात असताना तिनं पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. "ह्यो भरून ठेव बापू. तीन महिने झाले, टाळून राह्यला. गुरुवारी आले की नेते." मी हो म्हणालो. हो म्हणायला मला कधीच जड जात नाही, पुढचं सगळं जड जातं. बुधवारी सकाळी नववीच्या वर्गावर असताना भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली…" चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली, ती परत उठली नाही. त्याला आता सात आठवडे झाले. कागद माझ्याकडेच राहिला.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमचं गाव राजूरजवळ. तिला दिली टेंभुर्णीला, दाजींचं तिथं कापडाचं दुकान. मी शिक्षक होऊन जालन्यात घर केलं. तिची दोन्ही मुलं नोकरीला लागली आणि पन्नाशी उंबऱ्यावर आली असताना अक्कानं जाहीर केलं, की ती विद्यापीठात एम.ए.ला नाव घालतेय. विषय कायदा आणि लिंगभाव. दाजींनी त्या दिवशी फक्त दुकानाचं शटर जरा जोरात ओढलं, असं तीच हसत सांगायची. हे लिंगभाव म्हणजे काय प्रकरण आहे, असं मी थट्टेनं विचारलं होतं. तिनं आमच्या मोरीकडे बघत सांगितलं, की तुझ्या घरी पाणी कोण भरतं आणि नळाचं बिल कोणाच्या नावानं येतं, त्याचा अभ्यास. मी विषय बदलला.

तेव्हापासून दर गुरुवारी ती आमच्याकडे मुक्कामाला यायची, शुक्रवार-शनिवार तास करायची आणि शनिवारी टेंभुर्णीला परतायची. आमच्या पुढच्या खोलीतलं तख्त तिचं झालं. उशाला चष्म्याचं घर, पायथ्याला पुस्तकं, आणि मध्ये मांडी घालून बसलेली अक्का. पोरासोरांच्या वर्गात ती सगळ्यात मोठी. तिच्या बाकावरची पोरगी तिला आधी मॅडम म्हणायची, मग मावशी म्हणायला लागली, आणि परीक्षेच्या दिवसांत नोट्स मागायला थेट आमच्या घरी फोन करायची. मी तिचा धाकटा भाऊ आणि शिवाय मास्तर, तरी इतकं मन लावून अभ्यास करणारा विद्यार्थी माझ्या हाताखालून गेलेला नाही. याचा मला अभिमान वाटायचा. तिला मात्र मी ते कधी सांगितलं नाही.

एका गुरुवारी जेवताना ती म्हणाली, की वर्गात आता हक्कसोडपत्र शिकवून राह्यलेत. वडील गेले की वावरात बहिणीचाही वाटा असतो आणि बहीण तो भावाच्या नावे सोडून देते, तो कागद. आमच्या भागात त्याची रीतच आहे. बहिणीला सासरहून आणायचं, नवी साडी नेसवायची, भोकरदनच्या रजिस्ट्री ऑफिसात सही घ्यायची आणि येताना राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन जेवण करून तिला परत पोचवायचं. आम्हीही तेच केलं होतं. "मंग आता काय, वावर पाहिजे का तुला?" असं मी बोलून गेलो. मंदा, माझी बायको, वाढता वाढता थांबली. अक्का अजिबात चिडली नाही. ती म्हणाली, "वावर न्हाई मागत बापू. त्या दिवशी काय झालं, तेवढं मागून राह्यले."

पुढे तिनं प्रबंधाला हाच विषय घेतला. टेंभुर्णीपासून अंकुशनगरपर्यंत ती बायांना भेटत फिरली. का सही केली, असं ती कधी विचारायची नाही. साडी कोणत्या रंगाची होती, जेवायला काय होतं, असं विचारायची, आणि बाया बोलत्या व्हायच्या. सुरुवातीला एक घोटाळा झाला. मुलाखतीआधी संमतीचा कागद वाचून दाखवून त्यावर सही घ्यायची, असा विद्यापीठाचा नियम. पहिल्याच घरी तिनं कागद उघडला, तर त्या म्हातारीनं वाचायच्या आधीच अंगठा पुढे केला, "कुठं लावू?" अक्का त्या दिवशी आली ती न जेवता तख्तावर पडून राहिली. मी पण तशीच कागद घेऊन गेल्ते रे, एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं सह्या घेणं बंद केलं. कागद दोनदा मोठ्यानं वाचायचा आणि समोरच्या बाईला म्हणायचं, आता तू सांग, यात काय लिहिलंय. बाईनं बराबर सांगितलं तरच पुढचं बोलणं. यावरून तिच्या मार्गदर्शक बाईंशी तिची चांगली जुंपली, पण शेवटी त्यांनी आवाज नोंदवून घ्यायला परवानगी दिली.

मंदाचं माहेर अंकुशनगरचं. तिनंही तिच्या भावांना हक्कसोड करून दिलेलं. एका शुक्रवारी पहाटे दोघी दार लोटून तासभर बोलत बसल्या. मंदानं काय सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं.

मग अक्काला वाटलं, की भावांचंही ऐकावं. भावांसाठी तिनं चार प्रश्नांचा कागद केला आणि पहिला मला दिला. मी तीन महिने तो परीक्षेच्या पेपरांखाली, वर्तमानपत्राखाली हरवत राहिलो आणि ती दर वेळी नवा देत राहिली. वाचक मनात विचारत असतील म्हणून सांगतो, वावर तिनं शेवटपर्यंत मागितलं नाही, आणि मीही देऊ केलं नाही. तिच्या तेराव्याला मी सगळ्यांत पुढे होतो. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मला तिथं बसवेना.

परवाच्या गुरुवारी संध्याकाळी मी तख्तावर बसलो आणि कागद उघडला. पहिला प्रश्न साडीच्या रंगाचा. आठवेना. मंदानं आतूनच सांगितलं, जांभळी, हिरव्या काठांची. दुसरा जेवणाचा, तो सोपा होता. तिसरा प्रश्न, रजिस्ट्रीच्या साहेबांनी राजीखुशीनं सही करताय का असं विचारलं, तेव्हा उत्तर कोणी दिलं? मी पेन खाली ठेवलं… ते ऑफिस डोळ्यांपुढे आलं. साहेबांनी मान वर करून अक्काकडे पाहिलं होतं, तिनं ओठ उघडले होते, आणि मी घाईनं म्हणालो होतो, "हो साहेब, राजीखुशीनंच." अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. इतक्या वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं. तिला रोज आठवत असणार. मी लिहिलं, उत्तर मी दिलं.

चौथा प्रश्न, बहिणीनं नाही म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी आधी लिहिलं, समजून घेतलं असतं. मग ते खोडलं. खाली लिहिलं, दिवाळीला तिला आणायला गेलो नसतो.

सवयीनं सही करायला खाली गेलो, तर सहीची जागाच नव्हती. मग मंदाला बाहेर बोलावलं, समोर बसवलं, कागद दोनदा मोठ्यानं वाचला आणि म्हणालो, आता तू सांग, यात काय लिहिलंय.

तिनं तख्ताकडे पाहिलं. मग म्हणाली, "अक्कांना हे दिवाळीचं तवाच ठाऊक होतं. म्हणून तर त्या साहेबापुढं गप बसल्या."

मी कागदाची घडी घातली आणि तख्ताच्या उशाला, तिच्या चष्म्याच्या घराखाली ठेवली.