ओरेलची सही

मार्च लागला की कागद गिरणीच्या फाटकाशी पाळ्यांची यादी लागायची. नोकरीत जुना तो आधी सही करणार, उरलेल्या जागा खालच्यांनी वाटून घ्यायच्या. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या नदीकाठच्या गावात लग्नाच्या बातमीपेक्षा ती यादी जास्त वाचली जाई.

वाल्मोर तेरियोचा नंबर दुसरा. एकतीस वर्षं रात्रपाळी. त्याच्या बायकोची, लिओनाची नजर इतकी गेली होती की अंधार पडला की तिला काहीच दिसेना. गेल्या महिन्यात तिने शेगडीवर हात भाजून घेतला. त्याला रात्री घरी असायला हवं होतं. पण तीन नंबरच्या मशीनवर दिवसाची जागा एकच, आणि यादीत पहिलं नाव ओरेल मिशोचं.

ओरेल बारा वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत लगद्याच्या हौदाकडे गेला, तो परतलाच नाही. टोपी सापडली. देह नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला किंवा स्वतःच्या हातची सही असल्याशिवाय त्याची दिवसाची जागा हलवायची नाही, असा युनियनचा ठराव झाला. मांडला वाल्मोरनेच, भर सभेत, रडत. तेव्हापासून त्या जागेवर रोज कुणीतरी बदली बसे.

"तुझाच ठराव, तूच मोड," युनियनचा जिल्बेर म्हणाला.

"सभेत ओरेलची बायको समोर बसलेली असेल रे."

"मग जाग रात्रभर, संत वाल्मोर."

सोमवारी दुपारी तो यादीपाशी गेला. ओरेलच्या नावापुढे सही होती. रात्रपाळी. शिसपेन्सिलीची, कागद तिथे ओला, फुगलेला.

"जिल्बेर, ही थट्टा बरी नाही."

"मी तूच केलीस म्हणणार होतो."

वाल्मोरने वाकून सही पाहिली. सहीच्या शेवटी ओरेल मारायचा तो फटकारा तसाच होता. वाल्मोरने खाली सही केली: दिवस.

नव्या पाळीच्या पहिल्या दिवशी सातला तो पोचला, तर रात्रीचा बदली माणूस फाटकातच भेटला, कोट चढवून सातच्या बसची वाट बघत.

"पाचलाच मला कुणी डुलकीतून उठवलं. म्हणालं, जा घरी. मला वाटलं तू लवकर आलास."

मशीन चालू होती. कागद कुठे तुटला नव्हता. वहीत सहापर्यंतच्या नोंदी होत्या, अक्षरं ओली. स्टूल रिकामं, त्याच्याखाली लगद्याचं पांढरं थारोळं.

पुढचा माणूस 'घेतली मशीन' म्हणाल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही, ही गिरणीची रीत. वाल्मोरने टोपी काढली.

"घेतली मशीन, ओरेल," तो म्हणाला. "जा आता."

स्टूल किंचित करकरलं, वजन उठल्यासारखं.