अर्थच्या बोल्टावरचा हिरवा रंग

बेळगावचं पोस्टिंग मिळालं तेव्हा ट्रेनिंग सेंटरमधले सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, घराजवळ चाललास. निपाणीहून बेळगाव बसने दोन तास. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी एकवीस वर्षांचा, ट्रेड व्हेइकल इलेक्ट्रिशियन. कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये सकाळी पावणेसातला रिपोर्ट केलं.

पहिल्याच दिवशी ट्रंक तपासली. कपड्यांखाली पत्रकं निघाली. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची. भरती होण्याआधी मी वखारीतल्या बायकांच्या हक्कांची पत्रकं लिहून वाटायचो. लिहायला, बोलायला आणि चिडायला तिथंच शिकलो. सुभेदारसाहेबांनी ती पत्रकं टेबलावर आपटली. शेजारी एक हवालदार उभा होता. त्याने एक उचललं, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "साब, लडका सीधा लिखता है. वायरिंग भी सीधा करेगा. मेरे को दे दो."

हे हवालदार बाळाप्पा. खानापूर तालुक्यातले, घरची भातशेती. ड्यूटीवर उस्ताद, ड्यूटी संपली की अण्णा. त्यांनी माझी जात विचारली नाही, मल्टिमीटर वाचता येतो का एवढंच विचारलं. येतो म्हणालो.

"मग ठेव बाजूला. आदी हातानं बघायला शिक."

त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रक' पडलं.

आमच्याकडे जुन्या फोर-बाय-फोर जीपा होत्या. दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट, मागे वायरलेस सेट. सिव्हिलियन वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बॅटरीतून करंट तारेने दिव्याला, स्टार्टरला, इग्निशनला जातो. परत येताना तारेने येत नाही, गाडीच्या लोखंडातून येतो. बॅटरीची निगेटिव्ह तांब्याच्या एका पट्टीने चेसिसला बोल्ट केलेली असते, इंजिनही तसंच. त्याला अर्थ म्हणायचं, म्हणजे अर्थिंग. तिथे तांबं आणि लोखंड उघडं भिडलं पाहिजे. न भिडलं तर गाडी शंभर प्रकारची नाटकं करते आणि नवशिका शंभर पार्ट बदलतो.

उस्ताद पार्ट बदलत नसत. स्टार्टर मारायला लावायचे आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर दोन बोटं ठेवायचे. केबल गरम लागली की म्हणायचे, "करंटाला घरला जायाची वाट न्हाय, म्हणून ह्या बारक्या तारंतनं पळालाय. अर्थ बघ." दर वेळी अर्थच निघायचा.

एकदा चहा पिताना म्हणाले, "पत्रक, हे लिव्ह तुझ्या पत्रकात. जेवढा करंट जातो तेवढा परत आला पायजे. मालकाकडं गेलेला मजुराकडं परत येत न्हाय, ती फॉल्ट मला न्हाय सापडत."

"ती मी काढतो, अण्णा."

"काड. पर आदी सात नंबरचा हॉर्न काड."

सात नंबरची जीप त्यांची लाडकी. जांबोटीच्या बाजूला एक्सरसाइज असली की तीच जायची, कारण तिथला पाऊस डोंगर धुऊन काढतो. इंजिनला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून ग्रीस भरलं होतं. इंजिनच्या अर्थचा भरवसा नको म्हणून इंजिनपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत दुसरी जाड तार टाकली होती. ड्रॉइंगमध्ये ती तार नव्हती. पण त्या तारेमुळे सात नंबर पाण्यात कधी बंद पडली नव्हती.

जूनच्या अखेरीस वार्षिक इन्स्पेक्शन लागलं. त्यासाठी फौजेत काय चालतं ते बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. दगडांना चुना, झाडांना गेरू, बादल्यांना लाल आणि जे काही हलत नाही त्याला हिरवा रंग. उस्ताद रोप लावणीसाठी चार दिवस रजेवर होते. सुभेदारसाहेबांनी सात नंबरचं बॉनेट उघडून ती जादा तार पाहिली.

"ये क्या है? अनऑथोराइज्ड मॉडिफिकेशन. निकालो. और अंदर से चमकना चाहिए."

मी तार काढली. तो आदेश होता. त्यापुढचं मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मी अर्थच्या पट्ट्यांचे बोल्ट उघडले, पट्ट्यांची टोकं आणि त्यांच्याखालचं लोखंड दोन हात हिरवं केलं, वाळू दिलं आणि बोल्ट परत आवळले. इन्स्पेक्शनच्या साहेबांनी टॉर्च मारून आत बघितलं.

"शाबास. किसने किया?"

मी छाती पुढे काढली. पत्रकं वाटून साहेबलोकांना जाब विचारणारा मी. एका शाबासकीला विकला गेलो.

गाडी चालू होत होती. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम अर्थ मिळत होता. कोरड्यात तेवढा पुरला.

तिसऱ्या दिवशी जांबोटीला एक्सरसाइज सुरू झाली. उस्ताद रजा संपवून गावाहून थेट जांबोटीच्या कॅम्पवर आले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"सात नंबर कशी हाय रं?"

"फर्स्ट क्लास, उस्ताद. इन्स्पेक्शनमध्ये शाबासकी मिळाली."

शाबासकी सांगितली. तार सांगितली नाही. एक्सरसाइज संपली की गुपचूप परत लावू, असा माझा विचार.

दोन दिवस संततधार. १३:५० वाजता टेलिफोनची लाइन टाकताना सिपाही जगदीशला घोट्यावर साप चावला. जगदीश गढवालचा, भरती होऊन वर्ष झालेला. नर्सिंग असिस्टंटने पाय बघितला आणि म्हणाला, "घोणस. इंजेक्शन बेळगावच्या हॉस्पिटलमध्येच मिळेल. लगेच निघा." ॲम्ब्युलन्स दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. तयार गाडी एकच, सात नंबर.

१४:०५ ला निघालो. ड्रायव्हर लान्स नायक मुत्तू, पुढे उस्ताद, मागे मी आणि जगदीश. त्याचा पाय माझ्या मांडीजवळ सुजत होता. तो कण्हत नव्हता. अधूनमधून विचारायचा, "कितना बाकी है?" मी दर वेळी "थोडा" म्हणायचो.

१४:२५ ला ओढ्याच्या फरशीवर पोचलो. फरशी म्हणजे वरून पाणी जाणारा बुटका पूल. वर दीड फूट पाणी, तांबडं. उस्तादांनी उतरून काठीने खोली बघितली.

"जाती. फोर व्हील टाक, फर्स्ट लो. थांबू नको."

निम्मी फरशी ओलांडली आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, बंद. मुत्तूने स्टार्टर मारला. टक्. परत मारला. टक्. तिसऱ्या वेळी पुढून जळकट धूर आला. ॲक्सिलरेटरची केबल. काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. उस्तादांनाही कळलं. त्यांनी टूल बॅग घेतली आणि पाण्यात उतरले. बॅटरीचा बॉक्स ओढ्याच्या उताराच्या बाजूला होता. तिथे पाणी एव्हाना चढून मांडीला लागत होतं आणि फरशीची कड दोन पावलांवर.

बॉनेट उघडून त्यांनी आत हात घातला.

"माझी तार कुटं हाय?"

"काढली, उस्ताद. ऑर्डर होती."

उस्तादांनी पान्याने इंजिनच्या अर्थचा बोल्ट उघडला. पट्टी बाहेर आली. खालून वरून हिरवीगार.

"हे कुणी रंगवलं?"

"मी."

त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून बघितली. पाऊस तोंडावर येत होता.

"झ्याक रंगवलंयस," म्हणाले. "ब्रशाची एक रेघ दिसत न्हाय."

मग बॅगेतून दोन टोकांना क्लिपा असलेली जाड केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मी उतरायला पाय बाहेर टाकला.

"पत्रक, खाली न्हाय यायचं. त्येचा पाय हलू देऊ नको, त्येला झोपू देऊ नको. ही ऑर्डर हाय. ही तरी नीट पाळ."

मुत्तूने स्टार्टर मारला. पहिल्याच वेळी इंजिन चालू झालं.

"चल! थांबायचं न्हाय! मी चालत येतो!"

पुढे फरशीचा दगड निसटला होता, चाकं तिथे अडली. उस्ताद मागे आले आणि टेलबोर्डला खांदा लावला. त्यांचं तोंड माझ्यापासून हातभर. जीप हलली, खड्ड्यातून निघाली, काठाच्या चढाला लागली. मी जगदीशचा पाय सावरला आणि मान वर केली. फरशीवर पाणीच होतं, माणूस नव्हता.

"मुत्तू, रुक! उस्ताद!"

मुत्तूने आरशात बघितलं. काठावर येऊन त्याने ब्रेक लावला पण इंजिन बंद होऊ दिलं नाही.  मी उडी मारणार तेवढ्यात जगदीशने माझा शर्ट धरला. त्याला काही कळत नव्हतं. पकड कसली, नुसती बोटं. पण त्या बोटांनी मला ऑर्डरची आठवण करून दिली. मी सेट उचलला. वेळ १४:४१.

"कंट्रोल, सेव्हन. हवालदार बाळाप्पा पाण्यात गेले. फरशीच्या खालच्या बाजूला. ओव्हर."

"सेव्हन, पेशंट? ओव्हर."

"जिवंत. ओव्हर."

"सेव्हन, थांबू नका. सर्च पार्टी निघाली. आउट."

१५:५५ ला हॉस्पिटल गाठलं. मी वाटभर जगदीशला शिव्या देऊन जागं ठेवलं. तो वाचला. पाय अजून जरा ओढतो, पण चालतो. उस्ताद दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, मैलभर खाली, एका भाताच्या वाफ्यात. गावकऱ्यांनी बांधावर नीट झोपवून अंगावर घोंगडं घातलं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी दोन पानी जबाब लिहिला. आदेश कोणाचा, ब्रश कोणाचा, सगळं नावानिशी. निष्कर्ष आला, अचानक आलेल्या पुरामुळे अपघात. रंग हा शब्द त्यात कुठेही नाही. मग मला जे येत होतं ते मी केलं. कार्बन लावून हिंदीत साठ पत्रकं लिहिली आणि प्रत्येक गाडीच्या बॉनेटच्या आत चिकटवली. 'अर्थ के बोल्ट के नीचे रंग मत मारो. हवालदार बाळाप्पा इसी रंग से गए.' सात दिवस शिक्षा झाली, पाठीवर पिठ्ठू, म्हणजे भरलेली फौजी पिशवी, घेऊन भर दुपारी डबल मार्च. मजेत भोगली.

सुभेदारसाहेबांबद्दलही खरं तेच लिहितो. पुढच्या इन्स्पेक्शनला रंगाऱ्यांच्या पुढे ते स्वतः चालले, हातात ग्रीसचा डबा. एकेक अर्थचा बोल्ट त्यांनी स्वतःच्या बोटाने ग्रीसने झाकला, म्हणजे रंग धरणार नाही. माझ्याकडे बघितलं नाही. मी सॅल्यूट मारला.

पुढे आईच्या दुखण्यामुळे मला लवकर डिस्चार्ज मिळाला. आता निपाणीत आर्मीच्या लिलावातून आलेल्या जुन्या जीपांचं वायरिंग करतो. मालक चोवीस व्होल्टचं बारा करून मागतात, टेप बसवून मागतात, दहा दिवे लावून मागतात. सगळं करून देतो. आधी अर्थ खरवडतो. कोणी म्हणालं, "लई येळ लावतोस की रं," तर त्याला गाडी घेऊन दुसरीकडे जा म्हणतो.

युनिटच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. उस्तादांचं नाही, कारण शत्रू समोर नव्हता. हा कुठला नियम? एका जवानाला हॉस्पिटलात पोचवताना गेलेला माणूस दगडाला चालत नाही? मग ते नाव इथे छापतो. हवालदार बाळाप्पा, व्हेइकल इलेक्ट्रिशियन, राहणार खानापूर तालुका.

त्यांच्या घरी मी, ते गेल्यावर महिन्याने, गेलो होतो. घराबाहेर त्यांचे वडील सुंभ वळत बसले होते, कानाने जड. वहिनींनी आत बोलावलं, चहा ठेवला. मी चहाला हात लावण्याआधी सगळं सांगून टाकलं. तार काढली, रंग मारला, उस्तादांपासून लपवलं. फौजेने नाही लिहिलं, म्हणून मी सांगायला आलोय, असं म्हणालो.

वहिनींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. 

"गाडी चालू झाली न्हवं?"

"झाली, वहिनी."

"कितव्या खेपंला?"

"पहिल्याच."

त्या उठल्या, दारात गेल्या आणि म्हाताऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"मामंजी, हे पोरगं ह्यांच्या संगट हुतं. म्हनतंय, गाडी पहिल्याच खेपंला चालू केली ह्यांनी. भर पान्यात."

म्हाताऱ्याने सुंभ वळायचं थांबवलं नाही. "करनारच की," म्हणाला, आणि मला बसायला आपल्या शेजारची जागा हाताने झाडून दिली.