शॉर्ट मॅग्नमचा सल्ला

विनिपेगला आलो तेव्हा माझ्याजवळ मेकॅनिकलची डिग्री, पुण्यातल्या कारखान्याचा चौदा वर्षांचा अनुभव आणि पाठीचं दुखणं होतं. डिग्रीला कुणी विचारलं नाही. अनुभव ‘कॅनेडियन’ नव्हता. आणि जी नोकरी मिळाली ती नेमकी दिवसभर उभं राहण्याची. शिकारीचं आणि मासेमारीचं सामान विकणारं एक मोठं दुकान, त्यात रायफलींचं काउंटर. दोन हजारच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. सहा महिन्यांत इंजिनियरची नोकरी लागेल म्हणून ती धरली आणि पाच वर्षं तिथेच उभा राहिलो.

मी शाकाहारी. घरात अंडंसुद्धा मुलीच्या केकपुरतं यायचं. बंदुका विकायच्या म्हणून दोन दिवसांचा सेफ्टी कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स आलं. त्या कोर्समध्ये बंदूक रिकामी आहे हे कसं बघायचं, कुंपण ओलांडताना दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची, हे सगळं शिकवतात. खरी काडतुसं मात्र हातात देत नाहीत. त्यामुळे मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नव्हती. दुकानात कुणी तसं विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही.

संध्याकाळी घरी पोचलो की बायको विचारायची, “आज किती प्राणी मारलेस?” ती स्वतः एका डेकेअरमध्ये दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून आलेली असायची, पण चेष्टा करायची ताकद तिच्यात कुठून यायची कोण जाणे. मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणायची, “आई, बाबा डझन्ट किल एनीथिंग. ही जस्ट टॉक्स.” मी बूट काढायचो आणि बेसमेंटमध्ये जाऊन पाठीवर आडवा व्हायचो.

बोलायचो मात्र चांगलं, हे खरं. बसमध्ये आणि लंच ब्रेकमध्ये कॅटलॉग वाचून वाचून पाठ झाले होते. त्या काळात शॉर्ट मॅग्नमची लाट होती. मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेलं, जास्त जोराचं काडतूस. ते लांब असतं, म्हणून त्याची रायफलही लांब आणि जड होते. कुणीतरी ते काडतूस आखूड आणि जाड केलं. दारू जवळपास तेवढीच, गोळीचा वेगही तेवढाच, पण रायफल आटोपशीर आणि हलकी. दोनशे सत्तर, सात मिलिमीटर, तीनशे, अशी गोळीच्या जाडीची मापं निघाली होती. मला ती कल्पना मनापासून आवडली. किती तरी दिवसांनी डोक्याला काम मिळालं होतं. मी कागदावर आलेख काढायचो, वेग, वजन, दोनशे यार्डांवर गोळी किती खाली येते ते समजावून सांगायचो, आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. त्या पाच मिनिटांत मी पुन्हा इंजिनियर असायचो. खोटं कशाला बोलू, त्या पाच मिनिटांवर माझा दिवस निघायचा.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा सहकारी असायचा. इथलाच, उत्तरेकडच्या एका गावातला. चाळीस वर्षं शिकार केलेला, पण बोलणं अगदी तोडकं. शॉर्ट मॅग्नमबद्दल त्याचं मत एका वाक्याचं होतं, “मूस काही काडतुसाची लांबी विचारत नाही.” मूस म्हणजे इथलं हरीण, पण अंगाने घोड्याहून थोराड. हा माणूस शाळा अर्धवट सोडलेला आणि आलेख उलटा धरला तरी त्याला कळणार नाही, असं माझं त्याच्याबद्दल मत होतं. आज लिहितानाही लाज वाटते, पण होतं तसं मत.

एका ऑगस्टमध्ये त्या बाई आल्या. पासष्टीच्या आसपास, शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या, गुडघे दुखत असल्यामुळे जरा डुलत चालणाऱ्या. मूसच्या शिकारीचा परवाना, तोही एकाच जनावराचा, इथे अर्ज करून, सोडतीत मिळतो. वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. त्यांचा त्या वर्षी लागला होता. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याच्यामागे त्या पहिल्यांदाच जाणार होत्या. बरोबर दीर जाणार होता. तो म्हणत होता, वहिनी, तू फक्त चल, गोळी मी घालतो.

“पण परवाना माझ्या नावाचा आहे,” बाई म्हणाल्या. “गुडघे असे. ही माझी शेवटची वेळ. मला स्वतःला करायचंय.”

त्यांच्याकडे नवऱ्याची जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल होती, वजनदार, लाकडी दस्त्याची. दलदलीतून ती वागवणं आता झेपत नाही, आणि ती अंगालाही नीट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हलकं काही आहे का?

मी लगेच कागद ओढला. दोनशे सत्तर शॉर्ट मॅग्नम की तीनशे, याची दोन्ही बाजूंनी उलटतपासणी केली. दोनशे सत्तरची गोळी वेगवान पण हलकी. मूसच्या हाडांपुढे वजन हवं, म्हणून तीनशे. पोलादी नळी, प्लॅस्टिकचा दस्ता, जुन्या रायफलीपेक्षा बरीच हलकी. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मधूनमधून प्रश्न विचारत होत्या, आणि ते चांगले होते. मी रंगात आलो होतो.

मग त्यांनी विचारलं, “खांद्याला किती लागते?”

हलकी रायफल आणि तेवढाच जोर म्हटल्यावर धक्का जास्त बसणार, हे मला नववीच्या पुस्तकापासून माहीत होतं. धक्क्याचा आकडासुद्धा मी काढून ठेवलेला होता. पण तो आकडा पासष्ट वर्षांच्या खांद्याला कसा लागतो, हे मला कुठून कळणार? म्हातारा चार पावलांवर स्टुलावर बसून सँडविच खात होता. त्याला हाक मारायची म्हणजे कागद बाजूला सारायचा आणि माझी पाच मिनिटं त्याला द्यायची.

“थोडी लागते,” मी म्हणालो. “सवय होते.”

बाईंनी फॉर्म भरला, नाव, पत्ता, फोन नंबर लिहिला आणि रायफल घेऊन गेल्या. जाताना माझे आभार मानले.

त्या आठवड्यातच, दुकान उघडायच्या आधी काच पुसत असताना म्हातारा माझ्याकडे न बघता बोलला. बहुधा त्याने सगळं ऐकलं होतं. “त्या बाईंना फोन कर. जुनी रायफल त्यांना जड नाही, लांब आहे. नवऱ्याच्या हाताच्या मापाची आहे ती. दस्ता मागून, खांद्याकडून, इंचभर कापायचा, त्यावर जाड रबराची गादी लावायची. एका दुपारचं काम. मीच करून देईन. ही नवी त्यांना डोळे मिटायला शिकवेल.”

“डोळे मिटायला?”

“धक्क्याच्या भीतीने. गोळी सुटायच्या आधीच माणूस डोळे मिटतो. मग ती कुठेही जाते.”

त्याला एकदम इतकं बोलताना मी पाच वर्षांत ऐकलं नाही. मी ‘बरं’ म्हणालो. इंचभर लाकूड! मी कागदावर वेग आणि वजनं मांडत बसलो होतो आणि त्या बाईंचा हात किती लांब आहे हे एकदाही बघितलं नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला तिथल्या तिथे पटलं. आणि पटलं म्हणूनच राग आला.

फॉर्म काढला. फोन उचलला. काय सांगायचं? की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, मला यातलं कळत नाही, जे कळतं ते त्या शाळा सोडलेल्या माणसाला? फोन खाली ठेवला. दुपारी करू म्हटलं. दुपारी गर्दी होती. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. नंतर सप्टेंबर आला, दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि मी इतका थकलेलो असायचो की विसरलो असं स्वतःला सांगणं सोपं गेलं. विसरलो नव्हतो. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं नाही. मी फोन केला असेल असंच त्याने धरलं असावं.

पहिला बर्फ पडून गेल्यावर बाई पुन्हा आल्या. रायफलीची पेटी काउंटरवर ठेवली आणि गुडघ्यांना विश्रांती म्हणून कोपर टेकून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सरावाला गेल्या तेव्हा तिसऱ्या गोळीनंतर खांदा जांभळा झाला. सवय होईल म्हणून आणखी झाडल्या. पुढे चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागले. कुणाला सांगितलं नाही, कारण दिराला सांगितलं असतं तर त्याने रायफल हातातून काढून घेतली असती. जंगलात चौथ्या दिवशी सकाळी पाणथळीच्या कडेला नर मूस आडवा उभा होता, शंभर पावलांवर.

“याहून चांगली संधी कुणाला मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “मी डोळे मिटले.”

गोळी मागे, पोटात लागली. तो पडला नाही, सावकाश चालत पाण्यात शिरला. दोघांनी दोन दिवस शोधला. रक्त पाण्याच्या कडेला संपलं होतं. दीर त्या गोळीबद्दल एक शब्दही बोलला नाही, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, दुसरा शोधू, परवाना अजून शिल्लक आहे.

“मी म्हटलं, शिल्लक कसला? मारलाच ना मी तो.”

रायफलीच्या पेटीकडे बघत मी म्हणालो, “मी खोटं बोललो तुमच्याशी. सवय होते म्हणालो ते. मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तू ती हातात घेतलीस तेव्हाच दिसलं मला.”

“मग माझ्याकडून का घेतलीत?”

“दुसऱ्या दुकानात मला पोरींची बंदूक दाखवली. तू माणसाशी बोलतात तसा बोललास. आणि मला वाटलं, स्वतः झाडली नसली तरी हा कुणाला तरी विचारून सांगत असेल. इथे विचारण्यासारखी माणसं आहेतच की. तू नसशील विचारलं. घाईत राहून गेलं असेल. होतं असं.”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पेटी माझ्याकडे सरकवली आणि ज्याला झेपेल त्याला दे म्हणाल्या. म्हातारा चार पावलांवर उभा होता. त्याने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मागच्या खोलीत निघून गेला.

बाई डुलत दाराकडे गेल्या. मला विचारायलासुद्धा लागलं नव्हतं, म्हाताऱ्याने आपणहून सांगितलं होतं, आणि बाईंचा फोन नंबर दोन महिने माझ्या खणात पडून होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.