केळणेच्या उतारावरचा पहारा

भोकरदनच्या मोंढ्याजवळ ज्यांच्या कचोरीचा हिंगाळ गंध रस्ता ओलांडून येतो, ते काका दोन शतकांपूर्वी हरलेली असईची लढाई रोज काउंटरवर पुन्हा लढतात. शेवेची ओळ ही केळणा नदी, लाडू या मराठ्यांच्या तोफा. कचोरी घ्यायला गेले की मला सांगतात,

"गोऱ्याला वाटलं, आपली फौज थोडीच है. आपल्याला वाटलं, त्याला नदीचा उतार, पायी पार व्हायची जागा, सापडणार न्हाई. सापडला ना, ताई! तिथं पहारा असता, तर बिलकुल जिंकलो असतो."

म्हणून शेवटची कचोरी ते शेवेच्या ओळीतल्या उतारावर पहाऱ्याला उभी करतात, विकत नाहीत.

काल काकूंनी ती सरळ गिऱ्हाइकाच्या हाती दिली. "मेलेल्यांची लढाई पुरे, अहो. जित्याला भूक लागली है."

काकांनी आपला वाफाळता चहा कचोरीच्या जागी उतारावर ठेवला आणि निवेपर्यंत स्वतःही त्याला हात लावला नाही.