ओढून नेता न आलेली गाडी

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी पेट्रोल पंपावर उभा होतो. हातात पांढरा कॅन होता, रविवार होता, आणि पंपावरचा माणूस नेहमीप्रमाणे कॅनमध्ये पेट्रोल द्यायला कुरकुर करत होता. काकू म्हणाल्या, "सुधीर, आज शेडवर जायचं नाही. नाना पहाटे झोपेतच गेले रे." मी बरं म्हणालो, फोन खिशात ठेवला, कॅन भरून घेतला, पैसे दिले. का भरून घेतला, ते मला अजून सांगता येत नाही. तो भरलेला कॅन घेऊनच मी त्यांच्या घरात शिरलो. नानांच्या उशाशी दिवा लावलेला, जामबागेतली आमची सगळी गल्ली तिथे जमलेली, आणि काकू डोळे पुसता पुसता एकदम खेकसल्या, "अरे, ते बाहेर ठेव आधी, इथे दिवा आहे!" रडणारी दोन माणसं हसली. नानांना हे फार आवडलं असतं.

नारायणराव पाथरीकर. आम्हा सगळ्यांचे नाना. मूळचे नांदेडकडचे, तरुणपणी हैदराबादेत आले आणि सिकंदराबादच्या लष्करी वर्कशॉपात फिटर म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले. त्यांनी हात काळे केले ते रिकव्हरी गाड्यांवर. म्हणजे युद्धात चिखलात रुतलेले, उलटलेले, बंद पडलेले ट्रक ओढून काढणाऱ्या गाड्या. मागे क्रेनचा दांडा, पुढे विंच म्हणजे ओढायचा रहाट, विंचवर बोटाएवढ्या जाडीची पोलादी तार, सहाही चाकांना ताकद. नाना म्हणायचे, "लढाईत बाकीच्या गाड्या पुढे जातात म्हणून त्यांचे फोटो निघतात. ही मागून जाते आणि सगळ्यांना घरी आणते." निवृत्तीनंतर एका भंगारवाल्याच्या वाड्यात त्यांना तसली एक महायुद्धाच्या काळातली गाडी दिसली. काकूंना न विचारता त्यांनी ती घेतली. दुसऱ्या लॉरीला बांधून ती आमच्या गल्लीत आली, आणि नानांच्या फाटकाला लागून, माझ्या खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. "आज हिला कुणीतरी ओढून आणलं," नाना जमलेल्या मुलाबाळांना म्हणाले, "ते शेवटचं. यापुढे हीच ओढणार."

खरंच तसं झालं. वर्ष-दीड वर्ष नाना त्या गाडीखाली झोपलेले असत, बाहेर फक्त पाय. कोठीच्या बाजारात जुन्या सुट्या भागांचं दुकान असलेले वाहिदभाई त्यांना वॉशर, गास्केट, काय काय आणून देत आणि फाटकात उभं राहून हाक मारत, "क्या नाना, जिंदे हो या गाडी बैठ गई ऊपर?" खालून उत्तर यायचं, "हौ मियाँ, जिंदा हूँ, पाना देओ." ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी निळा धूर गल्लीभर पसरला आणि नानांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. मग दर रविवारी सकाळी ते गाडी सुरू करायचे. माझी आई गॅलरीत खुर्ची टाकून, चहाचा कप घेऊन, तो सोहळा बघायला बसायची.

आता जे सांगायला बसलो आहे ते सांगतो. मी स्वभावाने फार बोलणारा नाही. घरात बायको म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द काढायचा तर विंच लागेल. पण हे लिहिलंच पाहिजे, आणि ते का, तेही पुढे येईल.

त्या सुमारास मी पहिली कार घेतली होती. ठेवायला जागा नव्हती. जागा होती ती नानांच्या गाडीने खाल्लेली. नानांना सरळ सांगायला जीभ रेटेना. मग एके सकाळी, मी नोकरीला असलेल्या बँकेतून, महापालिकेला फोन केला. बेवारस अवजड वाहन गल्ली अडवून उभं आहे, म्हणालो. वर हेही म्हणालो की माझ्या वृद्ध आईला त्या धुराने श्वासाचा त्रास होतो. आईला कसलाही त्रास नव्हता... ती तर गॅलरीत टाळ्या वाजवत होती.

दोनेक महिन्यांनी पालिकेची क्रेन आली. छोटी, पिवळी, नवी कोरी. सुपरवायझर तेलुगू होता, बिचारा सभ्य होता. नाना बनियनवर बाहेर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्या की. हँडब्रेक काढतो, चाकांखालचे ठोकळेही काढतो. चहा घेणार?" क्रेनवाल्याने नानांच्या गाडीला हुक लावला, जोर दिला, आणि गाडी जागची हलण्याऐवजी क्रेनचीच पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उठली. गल्लीत शिट्ट्या वाजल्या. सुपरवायझर कपाळाला हात लावून म्हणाला, "इदि लारी कादु सार, एनुगु!" ही लॉरी नाही, हत्ती आहे. दुसऱ्यांदा जोर दिला तेव्हा क्रेन तिरकी सरकली, गटारीवरची फरशी मोडली आणि क्रेनचं मागचं चाक आत गेलं. आता ती ना पुढे, ना मागे.

नानांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद मी पाहिला, तो कुणाच्या लग्नातही पाहिला नाही. त्यांनी शर्ट चढवला, इंजिन सुरू केलं आणि सगळ्यांत जवळ, फाटकाशी काही माहीत नसल्याचा चेहरा करून उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली. "सुध्या, वर चढ. ब्रेक दाबून बस. मी हात वर केला तरच सोडायचा." मी चढलो. तक्रार करणारा मी, आणि पालिकेची क्रेन काढायला ब्रेकवर मीच! नानांनी तार सोडली, हुक अडकवला, ताणलेल्या तारेवर ओलं गोणपाट टाकलं. तार तुटली तर चाबकासारखी उसळते, गोणपाटाने ती खाली पडते, हे मला नंतर कळलं. मग विंच फिरला, आणि क्रेन हळूहळू, रुसलेल्या पोराला हाताला धरून उठवावं तशी, गटारीतून वर आली. सुपरवायझरने चहा घेतला, नानांच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं, पण जाताना ओशाळून म्हणाला, "तक्रार नोंदली गेलीय सार, गाडी हलवावी लागेल."

आणि नानांनी हलवली. शहराबाहेर वाहिदभाईंचं पेरूचं शेत आणि एक पत्र्याची शेड होती, तिथे. गाडी निघाली तेव्हा आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी मी माझी कार त्या जागेत लावली. ती तिथे इतकी लहान दिसत होती की मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

मग एका रविवारी कोठीच्या बसस्टॉपवर मला नाना दिसले. एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्या हातात चिंध्यांची पिशवी. शेडवर जायला दोन बस बदलून पुढे चालत. मी कार थांबवली आणि म्हणालो, "बसा नाना, सोडतो." त्या दिवशी मी त्यांना अपराधीपणाने नेलं, हे कबूल करतो. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या-चौथ्यापासून कशाने नेलं, ते मला माहीत नाही. आठवड्यातून एकदा काकूंनी दिलेला डबा, ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी, तेही दोघांना पुरून वाहिदभाईंना उरेल इतकं... आणि दिवसभर तारेला तेल. विंचवरची सगळी तार सोडायची, शेताच्या कडेने लांबवर पसरायची, चिंधीने पुसायची, तेल लावायचं आणि वेढ्याला वेढा चिकटवून पुन्हा गुंडाळायची. सैल वेढा राहिला तर ताणात वरची तार खालच्यात रुतते. नाना माझा वेढा बघून म्हणायचे, "बँकेत नोटा अशाच बांधतोस का रे?" वाहिदभाई लगेच, "छोडो नाना, इनो तो गिनते ही रहते." मी आयुष्यात इतका हसलो नव्हतो. मला हसता येतं हे बायकोला त्या रविवारांनंतर कळलं.

एकदा जुन्या मोटारींच्या मेळाव्याला आम्ही गाडी नेली. सगळीकडे चकचकीत क्रोम, टोप्या घातलेले मालक. संयोजकांनी आमची गाडी बघून नाक मुरडलं आणि शोभा जाते म्हणून फाटकाबाहेर उभी करायला लावली. दुपारी मिरवणूक निघाली. ऊन तापलं, आणि एकेक राजबिंडी मोटार वाफ सोडत रस्त्याकडेला बसली. संध्याकाळी नाना परत आले ते मागे एक पांढरी, उघड्या टपाची मोटार ओढत. तिचा मालक टोपी काढून नानांच्या शेजारी बसलेला, हातात काकूंची भाकरी. नानांनी त्याला फाटकाशी सोडलं आणि संयोजकांना म्हणाले, "शोभा आणलीय. कुठे ठेवू?"

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. अफझलगंजच्या पुलावर एकदा गाड्या अडकल्या होत्या. मी सगळा धीर गोळा करून म्हणालो, "नाना, एक सांगायचं होतं..." ते म्हणाले, "आधी क्लचवरून पाय काढ. उभ्या गाडीत क्लच दाबून ठेवतोस, प्लेट जाते." पाय काढला, आणि शब्दही गिळले.

नानांना माझा संशय आला असेल का, असं लोक विचारतील. नाही. नानांचा संशय कोपऱ्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर सावरगावकर यांच्यावर होता, कारण ते एकदा "फार आवाज करते हो तुमची गाडी" असं म्हणाले होते. नाना बरीच वर्षं त्यांना रामराम करत नव्हते. मग एका दिवाळीला फराळाचं ताट घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेले आणि पेशंटांसमोर म्हणाले, "जा डॉक्टर, माफ केलं तुम्हाला." डॉक्टर चिवड्याकडे बघत राहिले. घरी येऊन नाना मला म्हणाले, "भलं होवो त्या माणसाचं. गाडी गल्लीत राहिली असती तर तू माझ्याबरोबर शेडवर कशाला आला असतास?" हातातली करंजी मी ताटात परत ठेवली.

नानांचे दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता, त्याला गाडीत रस नव्हता. एका रिसॉर्टवाल्याला ती फाटकावर शोभेला हवी होती. काकू म्हणाल्या, "मी नाही म्हणून सांगितलं. वाहिदभाईंशी बोलले. गाडी तू ठेव. नानांच्या मनात दुसरं कुणी नव्हतंच." किल्ली त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मला ती उचलता येईना. हे गिळून ती घेतली असती, तर पुढे दर रविवारी ती चोरीचीच वाटली असती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. बँकेतला फोन, कार, आईचा खोटा दमा. सांगून झाल्यावर त्या मला बाहेर काढतील या तयारीने चपलांकडे बघत बसलो.

काकूंनी विचारलं, "कधी केलास फोन?"

"संक्रांतीच्या आधी, केव्हातरी."

"म्हणजे माझ्या आधी." त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, खांदे हलवून. "अरे, माझ्या अंगणात वीतभर ऊन यायचं, ते त्या मेल्या दांड्याने अडवलं होतं. कुरडया वाळेनात. मी मैत्रिणीच्या घरून फोन केला, आवाज बदलून. म्हटलं, मी एक त्रस्त महिला बोलते." पदर खाली घेऊन म्हणाल्या, "मग हे दोन-दोन बस बदलायला लागले तेव्हा जीव खाली-वर व्हायचा. तुला काय वाटलं, इतकी वर्षं एवढा डबा मी कशाला भरत होते?"

आम्ही दोघं किती वेळ हसलो कुणास ठाऊक. मुलगा आतून घाबरून बाहेर आला. मग काकू गंभीर झाल्या. "पण त्या डॉक्टरांचं काय रे?" त्यांच्याच सांगण्यावरून हे इथे, सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे. डॉक्टर सावरगावकर, ती तक्रार तुमची नव्हती. आमची दोघांची होती. माफी तुम्ही नानांकडे नव्हती मागितली. ती आम्ही तुमच्याकडे मागतो. फराळ मात्र परत करू नका.

गेल्या रविवारी काकू पहिल्यांदाच शेडवर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, दांड्याकडे वर बघून "हाच तो" म्हणाल्या. आम्ही इंजिन सुरू केलं होतं तेवढ्यात कच्च्या रस्त्यावरून मांडववाल्याचा ड्रायव्हर धावत आला. बोअरच्या पाण्याने झालेल्या चिखलात त्याचा टेम्पो बसला होता. खुर्च्या, झालरी, दिव्यांच्या माळा भरलेल्या, आणि लग्न संध्याकाळचं. गाडी तिथवर नेली. वाहिदभाई विंचवर, मी तारेपाशी. ब्रेकवर बसायला माणूस नव्हता. काकूंनी साडी खोचली आणि वर चढल्या. सीटच्या अगदी कडेला बसल्या तेव्हा कुठे त्यांचा पाय पोचला.

ड्रायव्हर इकडेतिकडे बघत होता. "नाना कहाँ हैं? नाना नै आए?"

वाहिदभाई विंचकडे बघू लागले. मी हुक उगाच पुसू लागलो. वरून, इंजिनच्या आवाजावर चढलेला, काकूंचा आवाज आला.

"नै आए. हम आए. तार बाँधो."