तात्यांचं तळं आणि आमचा चिखल

किस्से गाळासारखे असतात. रोज थोडे थोडे तळाशी बसत जातात आणि एक दिवस बघावं तर हा एवढा थर!

चऱ्होलीला आमची बिल्डिंगची साइट चालू आहे, मी तिथला सुपरवायझर. साइट चढावर, आणि खाली उताराला रघूतात्यांचं स्वतःचं तळं. त्यात रोहू आणि कटला. तात्यांचं घर त्या माशांवरच चालतं. "पानी गढूळ झालं की मासं गुदमरत्यात, राव," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून साइटचा चिखल खाली जाऊ न देणं माझ्या गळ्यात आलं.

*

आधी उताराला गोण्या रचल्या. पाऊस आला. गोण्या जागच्या जागी, तरी पाणी लालभडक! उघडून बघितलं, तर मुकादमाने गोण्यांत साइटचीच माती भरलेली.

तात्या म्हणाले, "चोराच्या राखणीला चोराचाच भाऊ बसवला व्हय?"

*

मग गोण्यांत खडी भरली आणि वर हिरवी जाळी लावली. सकाळी जाळी गायब! लेबर कॅम्प पालथा घातला. शेवटी सापडली, ती तात्यांच्या तळ्यावर ताणलेली.

"तात्या, ही चिखलासाठी होती!"

"चिखल कवातरी येतो. बगळा रोज येतो!"

*

डंपरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर सांडतो आणि पावसात तळ्याकडे वाहतो. म्हणून गेटवर चाकं धुवायला पाइप लावला. आमचा ड्रायव्हर भारत बीडकडचा. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"आमच्याकडं माणसाला आंघोळीला एक बादली. हितं टायरला शॉवर! पुढचा जन्म टायरचाच घेतो, भाऊ."

*

एकदा हेड ऑफिसचे साहेब येणार होते. मुकादमाने उत्साहाने टँकर मागवून सगळा रस्ता धुऊन काढला. साहेब खूश. "वा! मातीचा कण नाही!"

खालून तात्या ओरडले, "कसा असंल? समदा आमच्याकडं धाडलाय!"

त्या दिवशी मी तात्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

*

शेवटी साठे साहेबांनी, म्हणजे आमच्या इंजिनिअरनी, मोठा खड्डा खणून घेतला. पाणी त्यात थांबायचं, गाळ खाली बसायचा, वरचं निवळ पाणी पुढे. खड्ड्याला मातीचा बांध.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ढगच फुटल्यासारखं झालं. बांधाचा कोपरा खचला आणि लाल धार थेट तळ्याकडे निघाली. जेसीबी साइटच्या दुसऱ्या टोकाला. "खडीच्या गोण्या आणा!" म्हणत आम्ही धावलो.

साठे साहेब देहाने भरभक्कम. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी एकदा धारेकडे बघितलं, एकदा तळ्याकडे, आणि पाण्याकडे पाठ करून त्या खिंडारात सरळ बसले. धार थांबली!

खालून तात्या फावडं घेऊन पळत आले. साहेबांना बघून थबकले. फावडं हळूच खाली ठेवलं.

"साहेब, हालू नका. चहा तिथंच आणतो."